आकड्याला हाक मारता येत नाही

आप्पा कुठल्याही इमारतीत शिरले की आधी मागचं दार शोधायचे. लग्नाचा हॉल असो, बँक असो, नाहीतर कुणाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत असो. यजमान "या, या" म्हणत पुढे आले तरी हे त्यांना ओलांडून सरळ स्वयंपाकघराकडे. दार सापडलं की ढकलून बघायचे. उघडलं तर समाधानाने परत येऊन नमस्कार करायचे, नाही उघडलं तर तिथेच यजमानाची उलटतपासणी सुरू. "किल्ली कुणाकडे असते? तो माणूस आत्ता कुठं आहे?" आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी मांडवामागच्या गॅसच्या टाक्या हलवायला लावल्या, आणि त्या हलेपर्यंत पंगत बसू दिली नाही. नवरीच्या मामाने मला विचारलं, "हे गृहस्थ कोण?" मी म्हणालो, "कंपनीतले आहेत," आणि दुसरीकडे बघायला लागलो.

आमची कंपनी सिल्वासाहून खानवेलला जाणाऱ्या रस्त्यावर, पॉलिएस्टरचं सूत करणारी. मी नाशिकचा डिप्लोमावाला, तिथे दुपारच्या पाळीचा शिफ्ट इंजिनिअर. आप्पा सेफ्टी ऑफिसर. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते कुठल्याशा नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर होते. मूळचे धुळ्याकडचे. बायको वारलेली, मुलगी सासरी, आणि हे खेरडीत एका शेतकऱ्याच्या घरामागे खोली घेऊन एकटे राहायचे. त्या खोलीचं छप्पर चार ठिकाणी गळायचं. मी म्हणालो, "आप्पा, याच भाड्यात गावात स्लॅबची खोली मिळेल." ते म्हणाले, "मिळेल. पण तिला दार एकच असेल." खेरडीच्या खोलीला दोन होती.

सूत पॉलिएस्टरचं, पण यांच्या अंगात बारा महिने पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. कंपनीने दिवाळीला सगळ्यांना आपल्याच सुताच्या कापडाचे शर्टपीस वाटले, ते यांनी न उलगडताच कॅन्टीनवाल्याला देऊन टाकले. कुणी चिडवलं तर एवढंच म्हणायचे, "ते जळत नाही, चिकटतं." त्यानंतर चिडवणाऱ्याचा उत्साह मावळायचा.

हसू येतं आठवलं की. पण आप्पांबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दल लिहावं लागतं, आणि तेच मी चार वर्षं टाळत आलो. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मी ती देईन असा शब्द दिला आणि मोडला. त्यात एक माणूस जळून गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांची गंमत सांगायला लागलो तर वाचणाऱ्याने मला फार चांगला माणूस समजू नये.

एप्रिलमध्ये सगळ्या कारखान्यांत अग्निशमन सप्ताह होतो. छातीला कागदी झेंडा टाचायचा, एक दिवस भोंगा वाजवून मैदानात जमायचं, घोषवाक्यांची स्पर्धा, वडा-चहा, घरी. एका वर्षी स्पर्धेचे परीक्षक आप्पा. त्यांनी बक्षीस कुणालाच दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "पहिल्या नंबरचं घोषवाक्य ज्या दारावर चिकटवलंय ते दार मागून तारेनं बांधलंय." मॅनेजर हसले. आप्पा हसले नाहीत, खिशातून पक्कड काढून तार तोडायला गेले.

पण त्यांचं खरं वेड हजेरीचं होतं. भोंगा वाजला की माणसं मैदानात रांगा करून उभी राहणार, मुकादम बोट फिरवत "एक, दो, तीन" करणार, आणि गेटवरचा गुजराती वॉचमन "गिनती बराबर छे, साहेब" म्हणणार. सगळीकडे असंच चालतं. आप्पांना ते चालायचं नाही. ते पंचिंग मशीनमधून पाळीची यादी काढून घ्यायचे आणि एकेक नाव वाचायचे, बापाच्या नावासकट. ज्याचं त्याने ओ द्यायची. अडीचशे माणसं, वर ऊन. लोक वैतागायचे. मॅनेजर एकदा म्हणाले, "अरे आप्पा, काउंट कर लो ना, दो मिनिट का काम है." आप्पा म्हणाले, "आकड्याला हाक मारता येत नाही, साहेब. एक कमी आला तर मी धुरात जाऊन काय ओरडू? 'दोनशे सदतिसावा, बाहेर ये'?"

हे वाक्य नंतर आमच्यात विनोद म्हणून चालायचं. कॅन्टीनमध्ये कुणी उशिरा आला की आम्ही ओरडायचो, "दोनशे सदतिसावा, बाहेर ये."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पॅकिंगची आणि गोडाऊनची बहुतेक माणसं ठेकेदाराची. शिरपूर, शहादा, नंदुरबार भागातली, काही खानवेलच्या पलीकडची. ठेकेदाराचा नियम असा की सलग चार दिवस दांडी झाली की पास रद्द. मग पुन्हा त्याच्या मागे महिना महिना फिरा. पण होळी आली, लग्न निघालं, पेरणी लागली की माणसाला गावी जावंच लागतं. म्हणून तो आपला पास आणि कार्ड भावाला, चुलत्याला, मेव्हण्याला देऊन जायचा. तो त्याच्या नावावर पंच करायचा, त्याच्या नावाला ओ द्यायचा, आणि मूळ माणूस परत आला की पास त्याच्या हवाली करून निघून जायचा. याला सगळे 'बदली' म्हणायचे. पासवरचा फोटो इतका धुरकट की त्यात मीही खपलो असतो. त्यात सुताचे बारीक तंतू नाकातोंडात जातात म्हणून सगळ्यांच्या तोंडाला रुमाल.

बदलीला माझी संमती लागायची. लेखी नाही, नुसती मान. मला मशीन थांबलेलं चालायचं नाही, खोके ट्रकमध्ये चढायला हवे असायचे, तेव्हा हात कुणाचे आहेत याच्याशी मला काय? मी मान हलवायचो. हे उघडकीला आलं असतं तर ठेकेदाराचं काही बिघडलं नसतं, माझी नोकरी मात्र गेली असती.

आप्पांना हे ठाऊक आहे हे मला मुंबईत कळलं.

विम्याचे काही कागद घेऊन आम्हा दोघांना काळबादेवीच्या हेड ऑफिसला पाठवलं होतं. वापीहून सकाळची गाडी धरून गेलो. काम साडेबाराला संपलं आणि परतीची गाडी संध्याकाळची. अख्खी दुपार मोकळी. मला बूट घ्यायचे होते, चांगल्या ठिकाणी जेवायचं होतं, जमलं तर समुद्रावर बसायचं होतं. आप्पा म्हणाले, "इंजिनिअर, लढाई बघायची का?"

मला वाटलं म्युझियम असेल. तोफा, जुन्या वर्द्या, वर एसी. मी हो म्हणालो. त्यांनी मला उन्हातून चालवत चालवत गोदीच्या भिंतीकडेच्या रस्त्यावर नेलं. एका बाजूला लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला बंद गोडाऊनं, मध्ये ट्रकच ट्रक. आत जायला परवानगी नाही. एका बंद शटरच्या पायरीवर त्यांनी रुमाल पसरला आणि बसले. दोन वाजले होते.

"इथं काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. होतं ते उडालं."

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इथे आत एक बोट लागली होती. पोटात दारूगोळा, आणि त्याच्या वर कापसाच्या गाठी भरलेल्या. "आपण गोडाऊनमध्ये वेस्टच्या गोण्यांवर तेलाचे डबे ठेवतो ना, तसं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्फोटकं असली की बोटीवर लाल निशाण लावायचं असतं. लावलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत आपल्याकडे काय आहे ते शत्रूला कोण सांगेल? दुपारी दोनच्या जरा आधी धूर दिसला. बंब आले, पाणी मारत राहिले. पाणी आत जात होतं, आग खालीच होती. चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा. गोदी गेली, बाजूची वस्ती गेली. लोकांना वाटलं जपानी आले.

"आणि त्या दोन तासांत?" मी विचारलं.

"तेच दाखवायला आणलंय," आप्पा म्हणाले. "बसा. चार वाजेपर्यंत."

मी हसलो. ते गंभीर होते. आम्ही खरोखर बसलो. इतका लांब वेळ मी आयुष्यात कधी काढला नसेल. सव्वादोन झाले. अडीच झाले. मी चणे आणले, ते संपले. एक मालगाडीचा डबा कुठेतरी आदळल्याचा आवाज आला तर मी दचकलो, आणि मग स्वतःचाच राग आला. समोरचा म्हातारा चहावाला बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "किसका इंतज़ार है?" आप्पा म्हणाले, "चार बजने का."

तीन वाजता आप्पा म्हणाले, "आत्तापर्यंत धूर निघून तासापेक्षा जास्त झाला. आत हमाल काम करतायत. काही जण काम सोडून आग बघायला जमलेत. त्यांना अजून कुणी 'जा' म्हटलेलं नाही." साडेतीनला पुन्हा म्हणाले, "अजून नाही." मला उन्हाने गरगरत होतं. पण तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस मला इतिहास सांगत नाहीये. आगीत वेळ नसतो असं आपण म्हणतो. वेळ असतो. भरपूर असतो. पायरीवर बसून घड्याळ बघितल्याशिवाय ते कळत नाही.

चार वाजले. अर्थात काही झालं नाही. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. आप्पा उठले, रुमाल झटकला.

चहावाला पैसे घ्यायला आला होता. त्याने ओळखलं असावं आम्ही कशासाठी बसलो ते. उत्साहाने म्हणाला, "उस में सोना भी था, साब. सोने की ईंटें. उड़ के लोगों के घर में गिरी थीं. छत फाड़ के!"

आप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं ते ग्लास फेकून मारतील. चहावाला गेल्यावर म्हणाले, "ऐंशी वर्षं होत आली. सोन्याची वीट कुठं पडली हे रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक आहे. पाठीवर गाठी वाहणाऱ्यांतला एक माणूस सांगा मला. एक. बंबावरच्या आमच्या लोकांची नावं दगडावर कोरली आहेत, दरवर्षी हार घालतात, चांगलं आहे. ती सापडली कारण ते हजेरीवर होते. हमाल मुकादमानं बोटावर मोजलेले. मुकादमही गेला. एका पुस्तकात मेलेल्यांचा एक आकडा, दुसऱ्यात दुसरा, मधल्या फरकातच शेकडो माणसं. ती मेली की नाही हेही धड कुणाला माहीत नाही."

मी विचारलं, "तुमचं कुणी होतं का त्यात?"

"असायलाच हवं का?" ते भडकले. "माझं कुणी असलं तरच मी विचारायचं?"

स्टेशनकडे चालताना त्यांनी वाटेतल्या एका गोडाऊनचं कुलूप ओढून बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इंजिनिअर, मागच्या आठवड्यात तुमच्या पाळीत रोहिदासच्या नावावर त्याचा भाऊ होता. त्याआधी दोघं-तिघं होते. मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. गरीब माणसं आहेत, गावी जाऊ देत. मला फक्त एक करा. ज्याच्या जागी जो येईल त्याचं खरं नाव चिठ्ठीवर लिहून मला देत जा. मी पेन्सिलीनं यादीत लिहीन, पाळी संपली की खोडीन. भोंगा वाजेल त्या दिवशी आत कोण आहे ते मला ठाऊक हवं. एवढंच."

मी म्हणालो, "देईन, आप्पा. शब्द देतो."

पहिले दोन-अडीच महिने मी चिठ्ठ्या दिल्या. पाळी सुरू झाली की माणसाला बाजूला घ्यायचो, नाव विचारायचो, लिहायचो, आप्पांच्या हातात सरकवायचो. ते चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि लगेच पाठ करायचे. मग ते हळूहळू सुटलं. का सुटलं याचं मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कारण कंटाळा. बाकीचे शिफ्टवाले मला 'आप्पांचा पोस्टमन' म्हणायला लागले होते, तेही झोंबायचं. आप्पा विचारायचे, "आज कुणी?" मी म्हणायचो, "आज कुणी नाही." चार-पाच वेळा ते खोटं असूनही काही बिघडलं नाही, मग ते सोपंच झालं.

दुसऱ्या वर्षीची होळी. शिरपूर, शहाद्याकडचा माणूस होळीला गावी जाणार म्हणजे जाणार. आमचं निम्मं गोडाऊन बदलीवर चाललं होतं. गोडाऊनमध्ये भाईदास म्हणून एक होता, शिरपूरकडचा, खोके रचण्यात वाकबगार. तो गेला आणि त्याच्या पासवर त्याचा मेव्हणा आला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, तोंडाला निळा रुमाल. कामाला चांगला. मी मान हलवली होती.

त्याचा नववा दिवस असेल. दुपारी साडेतीन वाजता गोडाऊनमधून धूर यायला लागला. शॉर्ट सर्किट झालं असं पुढे कागदावर आलं, मला नक्की माहीत नाही. भोंगा झाला. माणसं मैदानात पळाली. आप्पा यादी घेऊन आधीच उभे होते. गोडाऊनच्या शटरमधून काळा धूर बाहेर येत होता, पण अजून ज्वाळा दिसत नव्हत्या. मॅनेजर आले, मागोमाग ठेकेदार आला. दोघे माझ्या एका बाजूला, आप्पा दुसऱ्या बाजूला.

आप्पांनी गोडाऊनपासून सुरुवात केली. नावं भराभर चालली होती. "हाव साहेब." "हाव." "हाजर."

"भाईदास!"

कुणी ओ दिली नाही.

"भाईदास!"

डाईंगच्या रांगेतून त्याच्या गावचा एक जण ओरडला, "तो ते गावले गयेल शे साहेब, होळीले!" तो बिचारा खरंच बोलत होता. त्याने भाईदासला गाडीत बसताना पाहिलं होतं. मेव्हण्याचं त्याला माहीत नव्हतं. गोडाऊनच्या रांगेतल्यांना माहीत होतं, पण त्यांतले निम्मे स्वतःच बदलीवर, ठेकेदारासमोर कोण बोलणार?

आप्पांनी कागदावर बोट ठेवलं. "पंच झालाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याच्या जागी कोण आलंय?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. ठेकेदार माझ्याकडे बघत होता. त्या वेळी डोक्यात जे आलं ते सगळं लिहितो. मला वाटलं, तो बाहेर आलाच असेल. अडीचशे जणांत असेल कुठेतरी, ओ द्यायला घाबरला असेल. आत्ता हो म्हटलं तर उद्या माझी नोकरी नाही, आणि तो तर इथेच उभा असणार. मी म्हणालो, "कुणी नाही. पंच चुकून झाला असेल."

आप्पांनी त्या नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव वाचलं.

मी रांगांमधून निळा रुमाल शोधायला लागलो. एक दिसला, तो दुसराच निघाला. रांगेच्या मागून फिरलो, नळाजवळ बघितलं, संडासाच्या बाजूला बघितलं. किती वेळ गेला? सहा मिनिटं, सात मिनिटं. आप्पांची यादी अर्ध्यावर आली होती. मी जाऊन त्यांची बाही ओढली आणि कानाशी म्हणालो, "आप्पा, भाईदासचा मेव्हणा आला होता. तो दिसत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला आयुष्यभर ते सोपं गेलं असतं. त्यांना रागावायला वेळ नव्हता. त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला, बादलीत गोणपाट बुडवून डोक्यावर घेतलं आणि शटरकडे धावले. तोवर आत लाल दिसायला लागलं होतं. शटरच्या तोंडाशी जाऊन ते ओरडले, "भाईदास! ए भाईदास!" दुसरं काय ओरडणार? पासवर तेच नाव होतं.

आणि आतून उत्तर आलं. नऊ दिवसांत त्याला त्याच नावाची सवय झाली होती. स्पष्ट आलं, मैदानात पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

"हाव साहेब!"

आप्पा आत शिरले. पुढच्याच क्षणी खोक्यांची थप्पी कोसळली, जळते पुठ्ठे आणि वितळलेलं सूत अंगावर आलं. तेवढ्यात येऊन पोचलेल्या बंबावरच्या दोघांनी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. हात वर धरून ते तेच नाव ओरडत होते. आतून पुन्हा आवाज आला नाही.

चौकशी झाली. कंपनीने लिहिलं की एक बाहेरील इसम दुसऱ्याचं कार्ड वापरून अनधिकृतपणे आत शिरला होता, आणि सेफ्टी ऑफिसरच्या हजेरीत चूक राहिली. मला एक कागद दिला गेला, त्यावर सही करायची होती. 'सदर इसमाबाबत मला कोणतीही कल्पना नव्हती.' मी सही केली. आप्पांनी कंपनीच्या कागदावर सही करायला नकार दिला आणि आपला वेगळा जबाब दिला. तो चार ओळींचा होता, मी नंतर फाइलमध्ये वाचला. यादी मी वाचली, पंच झालेलं एक नाव मी खोडलं, खोडायला नको होतं, असं त्यात होतं. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. चौकशीवाल्यांनी त्यांना तीनदा विचारलं होतं म्हणे, की तुम्हाला आत माणूस आहे हे कुणी सांगितलं. ते म्हणाले, "ज्यानं सांगितलं तो सांगेल."

त्यांना काढून टाकलं. ते गावी निघाले तेव्हा मी सिल्वासाच्या स्टँडवर गेलो. दोन्ही हातांना बँडेज होतं, बॅग उचलता येत नव्हती. मी उचलली, त्यांनी उचलू दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "मला सांगू नका. लिहून द्या. कुणालाही द्या, पण लिहून द्या. त्या दिवशी आत कोण होतं ते." गाडी आली. ते चढले, मागच्या सीटपर्यंत गेले, आणि संकटकालीन खिडकीचा दांडा कोपराने ढकलून बघितला. हलत नव्हता. कंडक्टरशी त्यांचं भांडण सुरू झालं, आणि त्या भांडणासकट गाडी निघून गेली.

मी काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी मला असिस्टंट मॅनेजर केलं. गोडाऊन नवं बांधलं, त्याला तीन दारं ठेवली. भाईदास परत कामावर आला नाही. बदली अजून चालते, आता दुसरा कुणीतरी मान हलवतो. आप्पांनंतरचा सेफ्टी ऑफिसर तरुण आहे, हुशार आहे, मोबाइलवर आकडा मारून मोकळा होतो.

यंदा होळीला गोडाऊन पुन्हा अर्धं रिकामं झालं, आणि मला झोप येईना. तेव्हा बसून लिहिलं. तीन पानं, पाठपोट नाही, एकाच बाजूला, स्वच्छ अक्षरात. मी बदलीला मान हलवायचो, शब्द दिला होता, चिठ्ठ्या बंद केल्या, मैदानात खोटं बोललो, सात मिनिटं गप्प राहिलो, खोट्या कागदावर सही केली. काही लपवलं नाही. लिहिताना दोनदा रडू आलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. चौकशीच्या ऑफिसला पाठवण्याआधी आप्पांना दाखवावं, असं वाटलं. खरं म्हणजे त्यांनी एकदा "बरं केलंत" म्हणावं, असं वाटलं. भीत भीत धुळ्याच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवलं.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. पाकिटात माझीच तीन पानं होती. वेगळं पत्र नाही. शेवटच्या पानावर, माझ्या सहीखाली, पेन धड धरता न येणाऱ्या बोटांनी लिहिलेली वाकडीतिकडी एक ओळ होती.

'तीन पानांत मेलेल्याचं नाव नाही.'

मी पानं पुन्हा वाचली. भाईदास सात वेळा होता. मॅनेजर होते, ठेकेदार होता, माझं नाव सहीसकट चार वेळा होतं. तो सगळीकडे 'भाईदासचा मेव्हणा' होता. मी पेन काढलं, पहिल्या ठिकाणी ते शब्द खोडले आणि वर खरं नाव लिहायला गेलो. पेन तसंच राहिलं. तो नऊ दिवस माझ्या पाळीत होता. मी त्याला नाव कधी विचारलंच नव्हतं.